धान्याच्या बाजूने वाचलेली कादंबरी

सुझान कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ १४ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. वाशिम जिल्ह्यातल्या मेडशी गावच्या एका वाचकाच्या हाती ती आली चार वर्षांनी, आणि तीही सिनेमाच्या मागोमाग. २०१२ मध्ये पहिला चित्रपट आला तेव्हा ही मुलगी अकोल्यात अकरावीला होती. मैत्रिणीची प्रत तिने सुट्टीत गावी आणली आणि इंग्रजी अडखळत का होईना, वाचून संपवली. आता ती तिशीला टेकली आहे. मधल्या काळात हेच पुस्तक तिने पुन्हा पुन्हा उघडलं आणि दर खेपेला तिची नजर वेगळ्या पानांवर थांबली.

पहिल्या वाचनात होतं फक्त रिंगण. बारा डिस्ट्रिक्ट, प्रत्येकातून एक मुलगा आणि एक मुलगी, वय बारा ते अठरा. चोवीसजणांनी एकमेकांना मारायचं, उरेल तो एक जिंकला, आणि राज्य करणाऱ्या कॅपिटॉल शहराने हे सगळं टीव्हीवर बघायचं. धाकट्या बहिणीची, प्रिमची, चिठ्ठी निघते तेव्हा सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. कॉलिन्स यांनी या कल्पनेचं मूळ थिसियसच्या ग्रीक कथेत सांगितलं आहे. अथेन्सची सात मुलं आणि सात मुली क्रीटच्या राक्षसाला पाठवल्या जात, ती कथा. मेडशीत मात्र हे वाचताना महाभारतातली एकचक्रा नगरी आठवते. बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस, आणि घरोघरची ठरलेली पाळी. फरक एवढाच, की एकचक्रेला पाहुणा आलेला भीम मिळाला. कॅटनिसच्या डिस्ट्रिक्ट बारामध्ये असा कोणी पाहुणा उतरलेला नव्हता.

या कादंबरीतली सर्वात भयंकर गोष्ट रिंगणाबाहेर घडते, हे तिला दुसऱ्या वाचनात उमगलं. त्या गोष्टीचं नाव टेसेरा. घरात दाणा नसेल तर मुलाने आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल घ्यायचं. चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. प्रिमच्या नावाची एकच चिठ्ठी असते, कॅटनिसच्या वीस, तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या, बेचाळीस. सोडत सगळ्यांसाठी सारखी, पण गरिबाचं नाव निघण्याची शक्यता जास्त. हा हिशेब समजायला वाशिम जिल्ह्यातल्या मुलीला टीप लागत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशिम होता. २०१५ मध्ये राज्य सरकारने चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली, त्यातही वाशिम होता. २०२३ पासून त्या धान्याऐवजी रोख रक्कम देणं सुरू झालं. इथलं रेशन कोणाच्या जिवावर चिठ्ठी लावत नाही, हा फरक ती आवर्जून सांगते. पण धान्य पिकवणाऱ्यालाच धान्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं, हे तिला अमेरिकन कादंबरीतून शिकावं लागलं नाही.

म्हणूनच तिचं सगळ्यात आवडतं पात्र रू. बारा वर्षांची, डिस्ट्रिक्ट अकराची, शेतीच्या मुलखातली. फळं तोडायला ती झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते, पण पिकातलं काही तोंडात टाकलं तर सगळ्यांसमोर चाबूक बसतो. हंगामाच्या दिवसांत अंधारातही काम चालावं म्हणून तिथे खास चष्मे दिले जातात. वीज रात्रपाळीची आली की रात्रीच हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या घरात हा तपशील वाचला जातो, तेव्हा तो कल्पनेतला वाटत नाही. रू मरते आणि तिच्या डिस्ट्रिक्टची माणसं, स्वतः उपाशी असलेली, कॅटनिसला भाकरी पाठवतात. सगळ्या मालिकेत याहून मोठं बंड नाही, असं तिचं ठाम मत आहे. कॅटनिसचा धनुष्यबाण नंतरचा.

तिसरं वाचन आईचं. खाणीतल्या स्फोटात वडील जातात तेव्हा कॅटनिस अकरा वर्षांची. सरकार एक पदक देतं आणि जेमतेम महिनाभर पुरतील इतके पैसे. आई अंथरुणात मिटून जाते, मुलीला तिचा राग येतो, आणि तो राग पुस्तकभर पुरतो. सोळाव्या वर्षी वाचकालाही आईचा रागच आला होता. पुढे आत्महत्येत कर्ता शेतकरी गेलेली घरं जवळून पाहिली, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या शेऱ्यांवर एक लाखाची मदत अडकलेली पाहिली, आणि त्या बाईचं न उठणं तिला कळू लागलं. कॉलिन्स आईला झटपट माफ करत नाहीत, हे लेखिकेचं मोठेपण, असं तिला वाटतं.

पुस्तक दरम्यान स्वतःच्या वाटेने निघालं होतं. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि निदर्शकांनी कादंबरीतला तीन बोटांचा सलाम रस्त्यावर आणला. २०२१ मध्ये तो म्यानमारमध्ये दिसला. मेडशीत मात्र एप्रिल २०२० आला. वाशिम जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण इथलाच निघाला, गाव सील झालं आणि मेडशीचं नाव बातम्यांत झळकलं. आपल्याकडे बाहेरचे लोक पडद्यावरून बघत आहेत ही जाणीव तिला तेव्हा पहिल्यांदा झाली. पुढच्याच महिन्यात, मे मध्ये, मालिकेतल्या राष्ट्राध्यक्ष स्नोच्या तरुणपणावरचा ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ प्रसिद्ध झाला. खेळ बघायला प्रेक्षक कसे तयार केले जातात, हा त्याचा मोठा भाग तिने त्या दिवसांच्या आठवणीसह वाचला. याच मालिकेतला मार्च २०२५ चा ‘सनराइज ऑन द रीपिंग’ तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या प्रश्नावर उभा आहे: थोडे लोक इतक्या जणांवर इतक्या सहज राज्य कसं करतात?

मराठीत या वयाला पुस्तकं कमी, ही तिची जुनी तक्रार. ‘किशोर’ मासिक आणि फास्टर फेणे संपले की वाचक थेट ‘मृत्युंजय’वर उडी घेतो. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळात घडते, पण राज्यसत्तेची भीती तिथे मुलांच्या कडेकडेने जाते. सोयाबीनच्या सोंगणीत शाळा बुडवणाऱ्या मुलीची, सत्तेला थेट भिडणारी कादंबरी तिला हवी आहे.

तोवर ती गावातल्या आठवी-नववीच्या मुलांना टेसेराची गोष्ट वऱ्हाडीत सांगते. रिंगणापर्यंत पोहोचायच्या आधीच कोणीतरी विचारतं, “मंग नाव काढून घेता येते काय?” येत नाही, ती सांगते, एकदा पडलेली चिठ्ठी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत तशीच राहते. मग बोलणं पुस्तकावरून घरच्या रेशन कार्डावर जातं, कोणाचं नाव चढलं, कोणाचं कटलं यावर, आणि ती ते तिकडेच जाऊ देते.