जुनं पुस्तक, नवी छपाई: रंग खरे आहेत का?

समजा, घरातल्या कपाटात निसर्ग छायाचित्रांचं एक जुनं जाडजूड पुस्तक आहे. लहानपणी ते मांडीवर घेऊन तुम्ही दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. आता त्याची नवी आवृत्ती निघाली म्हणून तुम्ही मुलांसाठी ती हौसेने मागवता. पार्सल उघडलं तर चित्रं तीच, मजकूरही तोच. पण झाडाखालची सावली डांबरासारखी काळी, आभाळ नको तितकं निळं आणि धुकं तर कुठे दिसतच नाही. मुलं चार पानं उलटतात आणि पुस्तक बाजूला ठेवतात.

आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना पुस्तकांची गोडीच नाही. पण कधीकधी दोष मुलांचा नसतो, छपाईचा असतो.

बुडालेल्या दरीचे रंग

छपाईला एवढं महत्त्व कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या एका पुस्तकाची गोष्ट ऐका. युटा आणि अॅरिझोना राज्यांत कोलोराडो नदीने कोरलेली ग्लेन कॅन्यन नावाची दरी होती. इलियट पोर्टर हा छायाचित्रकार 1960 पासून तिथे पुन्हा पुन्हा जात राहिला. शिक्षणाने तो डॉक्टर होता, पण कॅमेऱ्यासाठी त्याने ते क्षेत्र सोडलं होतं. 1963 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि दरीत पाणी चढू लागलं. त्याच वर्षी सिएरा क्लब या संस्थेने त्याची छायाचित्रं ‘द प्लेस नो वन न्यू’ या नावाने प्रसिद्ध केली. कुणालाच ठाऊक नसलेली जागा, असा त्याचा अर्थ.

या चित्रांत दरीच्या अरुंद भिंतींवर थेट ऊन क्वचितच दिसतं. समोरच्या कड्यावर पडलेलं ऊन परावर्तित होऊन इकडच्या खडकाला नारिंगी करतं आणि त्याच खडकाच्या ओल्या भागावर आभाळाची निळाई उतरते. आता छपाईच्या वेळी कुणाला ती निळाई चूक वाटली आणि त्याने ती ‘सुधारली’, तर खडक नुसता तपकिरी होईल. किंवा पुस्तक उठून दिसावं म्हणून रंग भडक केले, तर दगड प्लास्टिकचा वाटेल. दोन्ही वेळा दरी हरवते आणि खात्री करायला तिथे जाऊन बघण्याची सोय नसते.

अलीकडच्या दुष्काळात त्या जलाशयाचं पाणी खूप उतरलं आणि दरीचे काही भाग पुन्हा वर आले. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं मंदिर दिसू लागतं, तसंच. पण दरीच्या भिंतींवर आता क्षारांचा पांढरा थर चढला आहे. मूळचे रंग पाहायचे तर छायाचित्रांकडेच यावं लागतं. म्हणून अशा पुस्तकाची नवी आवृत्ती काढणं ही मोठी जबाबदारी असते.

घोटाळा कुठे होतो?

पहिला प्रश्न असतो, चित्र घेतलं कुठून? सगळ्यात चांगलं म्हणजे मूळ फिल्मवरून किंवा छायाचित्रकाराने स्वतः केलेल्या प्रिंटवरून नव्याने स्कॅन करणं. पण फिल्म हरवलेली असते, तिचे रंग उडालेले असतात किंवा ती मिळवण्याचा खर्च परवडत नाही. मग जुन्या पुस्तकाचं पानच स्कॅन केलं जातं. छापलेलं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. त्या ठिपक्यांवर नव्या छपाईचे ठिपके पडले की चित्रावर जाळी उमटते. ती घालवायला चित्र थोडं धूसर करतात आणि त्यात पिसांच्या, पानांच्या रेषा पुसल्या जातात.

दुसरी गोष्ट कागदाची. शाई कागदात जिरते आणि ठिपका फुगतो. साध्या कागदावर तो जास्त फुगतो, आर्ट पेपरवर कमी. ठिपके फुगले की सावलीतले बारकावे बुजतात.

तिसरी गोष्ट ठिपक्यांची. नेहमीच्या मासिकांत एका इंचात साधारण 150 ओळी ठिपके असतात. कलेच्या चांगल्या पुस्तकांत ते प्रमाण 175 ते 200 किंवा त्याहून जास्त ठेवतात. कृष्णधवल चित्रं नुसत्या काळ्या शाईत छापली तर ती कोरडी दिसतात. काळ्याच्या जोडीला करड्या रंगाची शाई वापरली, तर ढगांना आणि बर्फाला खोली येते.

जुनं ते सोनं? नेहमीच नाही

नवी आवृत्ती वाईटच असते, असं मात्र समजू नका. पर्वतांच्या कृष्णधवल छायाचित्रांसाठी जगभर ओळखला जाणारा अॅन्सेल अॅडम्स छपाईच्या बाबतीत फार काटेकोर होता. म्हातारपणी लेझर स्कॅनिंगचं तंत्र आलं, तेव्हा त्याने त्याचं स्वागतच केलं. आपली काही चित्रं पूर्वीपेक्षा चांगली छापली जाऊ शकतात, हे त्याला दिसलं होतं.

त्याचं 1941 मधलं ‘मूनराइज’ हे चित्र पाहा. न्यू मेक्सिकोतलं छोटं गाव, दफनभूमीतले पांढरे क्रूस आणि वर चंद्र. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ फिकं आहे, ढगांच्या रेघा दिसतात. पुढे त्याने स्वतःच ते आभाळ जवळजवळ काळं केलं. मग नव्या पुस्तकात खरं कोणतं छापायचं? दोन्ही त्याचेच आहेत. प्रामाणिक प्रकाशक आपण कोणत्या काळातला प्रिंट वापरला, ते सांगून मोकळा होतो.

स्वस्त आवृत्तीलाही नावं ठेवायला नकोत. पोर्टरचं 1962 मधलं ‘इन वाइल्डनेस’ हे मोठं पुस्तक 25 डॉलरचं होतं, म्हणजे त्या काळी चैनच. काही वर्षांनी त्याची छोटी स्वस्त आवृत्ती निघाली आणि ते कितीतरी घरांत पोहोचलं. स्वस्त असणं हा गुन्हा नाही, पण स्वस्त आवृत्ती मूळ पुस्तकाच्या किमतीला विकली जात असेल तर आपण विचारायला हवं.

घेण्याआधी एवढं बघा

• शीर्षकामागचं पान वाचा. मुद्रक कोण, नव्याने स्कॅन केलं आहे का, हे चांगले प्रकाशक तिथे लिहितात.

• सर्वात गडद चित्र काढा. सावलीत पान, दगड, साल ओळखू येते का? मग सर्वात उजळ चित्र काढा. बर्फात आणि ढगांत पोत दिसतो की नुसता कोरा कागद?

• भिंगातून एखादी फांदी किंवा पीस बघा. कडेला लाल किंवा निळी छटा सुटलेली दिसली, तर छापताना रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत.

• पुस्तक मधोमध उघडा. शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं. नुसतं चिकटवलेलं असेल तर दोन पानांवरच्या चित्राचा मधला भाग घडीत जातो.

• रंग दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बघा, पिवळ्या दिव्याखाली नाही.

• मोबाइलवरची नमुना पानं पाहून निर्णय घेऊ नका. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. ऑनलाइन घेताना परत करण्याची अट आधी वाचा.

जुनी प्रत कुठल्या ग्रंथालयात असेल तर एखाद्या रविवारी नवी प्रत घेऊन तिथे जा. दोन्ही शेजारी ठेवा आणि मुलांना फरक शोधायला सांगा. पंधरा मिनिटांत त्यांची नजर तुमच्यापेक्षा तयार होईल. फरक फार असला तर प्रकाशकाला दोन ओळी लिहा. कुणी विचारतच नसेल, तर पुढच्या आवृत्तीत तो कशाला काळजी घेईल?

आणि घरातली जुनी प्रत रद्दीत देऊ नका. तिची बांधणी सैल झाली असेल, पानं पिवळी पडली असतील. तरी त्या सावलीत अजून पानं दिसत असतील, तर ती जपून ठेवण्याजोगी आहे.