दहावीनंतर : लेखांक ५
एस.पी. की गणित?

गेल्या आठवड्यात शाखेची निवड पाहिली. पण शाखा ठरली म्हणजे सगळं ठरलं, असं समजून पालक निर्धास्त होतात आणि घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच. मुंबईतल्या माहुलसारख्या वस्तीचं उदाहरण घेऊ. १९५४-५५मध्ये इथे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, आणि २०१७पासून तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं या कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत आणून वसवली गेली. रोजगार तुटलेला, प्रदूषणामुळे दवाखान्याचा खर्च वाढलेला. अशा घरात सायन्सच्या क्लासची फी झेपत नाही म्हणून मुलीने कॉमर्स घेतलं, तर तो निर्णय समजण्यासारखाच आहे. मात्र प्रवेशाच्या दिवशी चेंबूरच्या एखाद्या कॉलेजात खिडकीपाशी अर्ज भरताना आणखी एक प्रश्न येतो : सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘एस.पी.’, की गणित? मागे रांग असते. ‘एस.पी. स्कोअरिंग आहे’ असं कोणीतरी सांगतं आणि त्या रकान्यात खूण होते. माझ्या मते शाखेच्या निवडीइतकंच वजन त्या खुणेला आहे, आणि शक्य असेल तिथे ती गणितापुढे व्हायला हवी.

कारण प्रवेशाच्या नियमांतच आहे. बारावीला एस.पी. नव्हती म्हणून कोणाचं बी.कॉम. अडत नाही. बारावीला गणित नसल्याने मात्र बरंच काही अडतं. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाऊ शकतो, पण बारावीला गणित असेल तरच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.चा तर विचारच त्याशिवाय करता येत नाही. शिवाय ज्या सी.ए.च्या स्वप्नासाठी कॉमर्स घेतलं जातं, त्याच्या फाउंडेशन परीक्षेत १०० गुणांचा एक पूर्ण पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. चुकीच्या उत्तराला गुणही कापले जातात. म्हणजे अकरावीत टाळलेलं गणित तिथे दोन वर्षांनी पुन्हा समोर येतं, आणि तोवर सराव पार मोडलेला असतो. सायन्सवाल्यांनाही हे लागू आहे. बारावीनंतर इंजिनिअरिंगकडे वळणाऱ्याला एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला बसावं लागतं, आणि त्यातल्या २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे असतात.

यावर पहिला आक्षेप टक्क्यांचा. गणितात गुण गेले आणि एकूण टक्केवारी घसरली तर हवं ते कॉलेज कसं मिळणार? आक्षेप खरा आहे. दहावीला गणितात जेमतेम पास झालेल्या मुलाला केवळ पुढच्या शक्यतांसाठी दोन वर्षं रडवू नये; नापास झाला तर सगळंच हातचं जाईल. पण साठ-सत्तर गुण मिळवणारी मुलंही निव्वळ धास्तीने गणित सोडतात. त्यांनी कॉमर्सच्या गणिताचं पुस्तक एकदा उघडून पाहावं. कमिशन, विमा, वर्षासन, निर्देशांक, रेषीय नियोजन असे त्यातले बरेच धडे व्यवहाराशी जोडलेले आहेत. सायन्सच्या गणिताच्या मानाने ते आटोक्यातलं आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता नियमच सैल होताहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती पाडायचं म्हटलं, २०२१मध्ये एआयसीटीईने इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी विषयांची यादी वाढवली, आणि राहिलेला विषय नंतर एनआयओएस या मुक्त विद्यालयातून देताही येतो. हे सारं स्वागतार्हच. मात्र धोरण दिल्लीत बदललं तरी आज अर्ज भरणाऱ्या मुलीला आजच्या सीईटीलाच बसायचं आहे. आणि राहिलेला विषय नंतर देणं म्हणजे आणखी फी आणि बहुधा एक वर्ष. सुस्थितीतलं घर ते वर्ष पचवतं. माहुलच्या इमारतीतल्या घरात त्या वर्षात मुलीला नोकरीला लावण्याचा विषय निघतो. म्हणून ज्यांच्याकडे चूक निस्तरायला पैसा नाही, त्यांनीच वाटा उघड्या ठेवणारा विषय आधी मागावा, असं मी आग्रहाने म्हणतो.

यात एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती मुलांच्या हातची नाही. काही कनिष्ठ महाविद्यालयांत कॉमर्सला गणिताची तुकडीच नसते. ऑनलाइन प्रवेशात दहा पसंतीक्रम देता येतात. ते भरताना कटऑफ आणि बसचं अंतर पाहिलं जातं, तसं प्रत्येक कॉलेजात गणित शिकवतात का, हेही फोन करून किंवा जाऊन विचारावं. एकदा प्रवेश पक्का झाला, की मिळेल त्या विषयावर समाधान मानावं लागतं.