मोटारीच्या पोटातली टकटक

जुन्या फियाटचे इंजिन थोडेबहुत वाजायचेच, असे म्हणून कित्येक मालक त्या आवाजाशी तडजोड करून टाकतात. 'टॅपेट वाजतात' एवढे निदान आपल्याकडे पुष्कळांना पुरते. मिस्त्री पाना आणि फिलर गेज घेऊन बसतो, टॅपेटचे अंतर जुळवतो, आवाज थांबतो आणि पैसे चुकते होतात. परंतु महिन्याभराने तीच टकटक पुन्हा ऐकू येऊ लागली, तर प्रश्न टॅपेट जुळवण्याचा उरत नाही. पोलाद आणि बीड यांपैकी काहीतरी झिजू लागले आहे आणि बहुधा तो कॅमशाफ्ट असतो.

बडोदे, इंदूर, हुबळी, बेळगाव, जेथे जेथे आपली मंडळी स्थायिक झाली तेथे तेथे ही गाडी एके काळी घरातील माणसासारखी नांदली. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडू लागली. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. १,०८९ घनसेंटिमीटरचे हे इंजिन मुळात सोशिक, संसारी वृत्तीचे. तथापि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, त्या काळी हौशी लोकांनी याच इंजिनाला शर्यतीचे बळ दिले. जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट, कडक स्प्रिंगा, मोठा कार्बोरेटर असा तो सरंजाम असे. त्या वळणावर तयार केलेल्या गाड्या काही हौशी घरांतून अजूनही जपलेल्या आढळतात. कॅमशाफ्टचा आजार त्यांनाच अधिक जडतो.

आमचे रामनगर जोयडा तालुक्यात, बेळगावहून लोंढ्यामार्गे अनमोड घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गोव्याकडून येणारी गाडी सबंध घाट चढून आमच्या गावी पोचते, त्यामुळे इंजिनातले व्यंग येथवर लपून राहत नाही. मी मराठीचा शिक्षक. पण गॅरेजच्या दाराशी उभे राहण्याची हौस जुनी, आणि गावातील एक गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. मागल्या थंडीत त्याच्याकडे अशीच एक फियाट आली. मालकाच्या वडिलांनी ती हौसेने बांधून घेतलेली. चढावर दम टाकायची, कार्बोरेटरातून फटफट उलट्या ठिणग्या मारायची. कार्बोरेटर, प्लग, कॉइल, सारे बदलून झाले होते. शेवटी कोणीतरी सल्ला दिला होता की हे इंजिन काढून टाका आणि दुसरे कुठले तरी बसवा. वडिलांच्या हातची वस्तू अशी बाहेर काढायची या कल्पनेने गृहस्थ अगदी कासावीस झाले होते.

विद्यार्थ्याने चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. ते उत्तम निघाले. मालक म्हणाले, "म्हणजे इंजिन चांगलेच आहे की!" तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, कॉम्प्रेशन चांगले आहे म्हणूनच मला कॅमचा संशय येतो."

हे वाक्य नीट समजून घेण्याजोगे आहे. कॉम्प्रेशनच्या चाचणीत व्हॉल्व्ह किती घट्ट मिटतो हे कळते. तो किती उघडतो हे जवळजवळ कळतच नाही. उघडण्याचे काम कॅमशाफ्टचे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते. त्यावरील अंड्याच्या आकाराचा उंचवटा टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक उंचवटा मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा हा भार सोसतो. एक्झॉस्टचा उंचवटा झिजला की जळका वायू पुरता बाहेर पडत नाही आणि इनटेक उघडताच तोच तप्त वायू उलट कार्बोरेटरकडे धाव घेतो. मालकाला वाटते, कार्बोरेटर बिघडला. बिचारा कार्बोरेटर निरपराध असतो.

आवाजाचीही एक परीक्षा आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून ऐकावे. टॅपेटची टकटक क्रँकच्या निम्म्या गतीने येते. कनेक्टिंग रॉडचा ठोका क्रँकच्या गतीने पडतो आणि गाडीवर भार आला की वाढतो. टॅपेटचे अंतर कोणत्या दिशेने सरकते, हेही पाहावे. अंतर पुनःपुन्हा वाढत असेल तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजतो आहे. उलट ते कमी होत असेल तर व्हॉल्व्हची सीट खाली बसत चालली आहे. या दोहोंत गल्लत झाली की भलतेच काम निघते.

अखेरचा निवाडा मात्र डायल गेजचा. हेडवरचे झाकण काढून गेजचे टोक पुशरॉडच्या डोक्यावर टेकवायचे, इंजिन हाताने सावकाश फिरवायचे आणि आठही उचली कागदावर लिहून काढायच्या. त्या फियाटच्या सात उचली जवळपास सारख्या निघाल्या. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची उचल दीड मिलिमीटरने कमी होती. मोजायला तासभर लागला. हाच तास आधीच्या कोणी खर्च केला नव्हता.

एकच उंचवटा झिजला की सगळे झिजले, यावरून कारणाचा माग लागतो. सगळेच झिजले असतील तर बोट ऑईलकडे वळते. एकच झिजला असेल तर बहुधा त्याचा टॅपेट फिरायचा थांबलेला असतो. टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण खरोखर किंचित फुगीर असतो, आणि उंचवटाही जरासा तिरका घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट प्रत्येक धक्क्यासरशी स्वतःभोवती थोडा फिरतो व झीज वाटली जाते. पुशरॉडवर रंगाचा ठिपका देऊन इंजिन चालवले तर हे फिरणे डोळ्यांनी दिसते. टॅपेट बाहेर काढल्यावर तळाशी पोलादी पट्टीची धार लावावी. कडांशी उजेड दिसला तर ठीक. मध्ये दिसला तर तळाला खळगा पडला आहे, टॅपेट निकामी.

आता ऑईलविषयी. सध्या सगळा दोष नव्या ऑईलवर टाकण्याची पद्धत पडली आहे, त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग ऑईलमध्ये मिसळतात; भाराखाली ते धातूवर पातळ संरक्षक थर धरते. फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधक. आपल्याकडे चार महानगरांत नव्या मोटारींना ते उपकरण १९९५ पासून सक्तीचे झाले. अमेरिकेच्या २००४ सालच्या 'एसएम' मानकाने ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ऑईलमधील फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखला. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ऑईलला ती मर्यादा लागू नव्हती. तेव्हा 'जितके नवे आणि महाग तितके चांगले' हा हिशेब जुन्या इंजिनाला लावू नये; डब्यावरचे वाचावे. मात्र शर्यतीच्या कडक स्प्रिंगा गरज नसताना ठेवल्या असतील, तर कोणतेही ऑईल फार काळ तारणार नाही.

दुसरे कारण उंचवट्याच्या घडणीत असते. असे कॅमशाफ्ट बिडाचे ओततात आणि ओतताना उंचवट्यांच्या जागी साच्यात लोखंडी तुकडे बसवतात. तेथील धातू झटकन थंड होऊन पृष्ठभाग अतिशय कठीण बनतो, गाभा मात्र मऊ राहतो. १९९२ पासून सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी असे कॅमशाफ्ट बनवून देशोदेशीच्या मोटार-कारखान्यांना पुरवीत आली आहे. वालचंदांच्या गावीच हे घडावे याची मला मौज वाटते. असो. उचल वाढवण्यासाठी जुना कॅमशाफ्ट पुन्हा घासला आणि घासणाऱ्याने तो कठीण थरच पार केला, तर खालचा मऊ धातू उघडा पडतो. त्या फियाटचा कॅमशाफ्ट असाच घासलेला होता. टॅपेटही खळगा पडलेला निघाला; पहिला अपराध कोणाचा, हे आता सांगणे कठीण.

आमच्याकडच्या पावसाने तिसरे एक कारण पुरवले आहे. पावसाळ्याचे चार महिने गाडी शेडमध्ये ठेवायची आणि आठवड्याला पाच मिनिटे 'चालू करून' बंद करायची, अशी प्रेमळ प्रथा आहे. चोक ओढून थंड इंजिन चालवले की कच्चे पेट्रोल ऑईलमध्ये उतरते, दमट हवेचे पाणी चेंबरात साचते आणि ते उडून जाण्याइतके इंजिन तापतच नाही. शिवाय पोटात बसलेल्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांना ऑईल मिळते ते मुख्यतः फिरत्या क्रँकने उडवलेले; मंद गतीत ते थोडेच उडते. गाडी चालवायची नसेल तर सरळ बंद ठेवावी, अथवा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी.

फियाटला मूळ मापाचा कॅमशाफ्ट, साध्या स्प्रिंगा आणि आठही नवे टॅपेट घातले. जुना टॅपेट नव्या कॅमशाफ्टवर कदापि चढवू नये. प्रत्येक उंचवट्याला बसवतानाचा जाड लेप दिला आणि इंजिन सुरू होताच ते २,००० फेऱ्यांच्या वर नेऊन पंचवीस मिनिटे तेथेच धरले, एकदाही मंद होऊ दिले नाही. मग ऑईल काढून चेंबरच्या तळाशी चुंबक फिरवला. थोडी करडी भुकटी लागली, तेवढी चालते. पाचशे किलोमीटरनंतर गेज पुन्हा लावायला या, असे मालकांना सांगितले. ते अनमोडच्या दिशेने गेले, आणि वळणापर्यंत आम्ही दोघे कान देऊन उभे होतो.