भेटीची बाटली आणि तिच्यातले शास्त्र

हिवाळ्यात टोमॅटो स्वस्त होतात. घरी सॉस करावा, तो जुन्या बाटल्यांत भरावा आणि आत्याला, मामीला, शेजारच्या काकूंना एकेक बाटली भेट द्यावी, असा बेत तुमच्याही घरी ठरत असेल. बेत छान आहे. पण भेटीची बाटली दोन महिन्यांनी आणि दुसऱ्याच्या घरी उघडली जाते. तोवर तिच्यात काय घडते, ते आधी पाहू या.

सॉस करताना टोमॅटोचा रस आटवून सुमारे एक तृतीयांश करतात. तो झाला की नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बशीत एक थेंब टाका. त्याच्याभोवती पाण्याचे कडे सुटले नाही, तर झाला. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्या. कल्हई नसलेल्या पितळेतले तांबे टोमॅटोतील आम्लामुळे सॉसमध्ये उतरते. (आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते!)

आता मुख्य मुद्दा. मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचे जंतू असतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. घट्ट बंद बाटलीत हवा नसते आणि नेमकी तीच स्थिती या जंतूंना मानवते. तेथे वाढून ते जहाल विष तयार करतात. या विषाचा वास येईल किंवा चव कळेल, असा भरवसा नाही. सुदैवाने पदार्थाचा सामू (म्हणजे पीएच) 4.6 पेक्षा कमी असला, की हे बीजाणू रुजत नाहीत. टोमॅटोचा सामू साधारण 4.3 ते 4.9 असतो, म्हणजे अगदी कुंपणावर! म्हणून कृतीत सांगितलेले व्हिनेगर केवळ चवीपुरते समजू नका. ते मोजून घाला, आणि तिखट-आंबट आवडीनुसार बदलायचे असेल तर तिखट बदला, व्हिनेगर नव्हे.

बुरशी आणि किण्व यांना मात्र आम्लाची फारशी भीती नसते. त्यांच्यासाठी सोडियम बेंझोएट वापरतात. गंमत अशी, की हे रसायनही आम्लातच नीट काम करते. आम्लात त्याचे बेंझोइक आम्ल बनते आणि ते बुरशीच्या पेशीत सहज शिरते. एक किलो सॉसला अर्धा ग्रॅम पुरे.

बाटलीबंद अन्नाची कल्पना फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्याची. अन्न बाटलीत भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची पद्धत. तिच्यासाठी 1810 साली फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते हे त्याला सांगता येत नव्हते. ते सांगणारा लुई पाश्चर जन्मला 1822 साली!

आपणही तेच करायचे, पण घरातल्या मोठ्या माणसांच्या मदतीने. बाटल्या धुऊन, पातेल्यात तळाशी फडके घालून, थंड पाण्यातच ठेवा आणि मग पाणी उकळवा. काच उष्णतेची मंदवाहक आहे. थंड बाटलीत उकळता सॉस ओतला, तर आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची तशीच राहते आणि बाटली तडकते. गरम बाटलीत गरम सॉस ओता, वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, कड पुसा, झाकण लावा आणि पुन्हा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी वेळ थोडा वाढवावा. तेथे पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळते. बाटली निवली, की वरच्या मोकळ्या जागेतली वाफ थिजते, आत निर्वात होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते.

बाटली जुनी चालेल, झाकण जुने चालणार नाही. उघडताना वाकलेले पत्र्याचे बूच पुन्हा घट्ट बसत नाही आणि फिरकीच्या झाकणातली रबरी चकती एकदा दबली की सैल होते. टवका उडालेली बाटली बाजूला काढा. फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक ज्यात होते ती बाटली तर कितीही धुतली तरी घेऊ नका.

शेवटी बाटलीवर चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर सॉस भरल्याची तारीख लिहा आणि खाली एवढे लिहा : ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. झाकण फुगलेले दिसले किंवा उघडताना सॉस फसफसला, तर चव न घेता टाकून द्या.’