घरगुती संगीतरचनेसाठी संगणकप्रणालीची निवड

स्वतःचे संगीत घरच्या घरी ध्वनिमुद्रित करावे, अथवा ते संगणकावरच रचावे, अशी इच्छा धरणाऱ्या नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘सर्वांत चांगली प्रणाली कोणती?’ असा असतो. या रूपात तो प्रश्न सुटण्यासारखा नाही. प्रत्येक प्रणाली संगीताविषयी काही गोष्टी गृहीत धरूनच तयार झालेली असते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत रचणाऱ्यास ही गृहीते जाणवतही नाहीत. ख्यालाचा अथवा भजनाचा अभ्यासक मात्र आरंभीच त्यांना अडखळतो, आणि दोष आपल्याच गळ्याचा वा हाताचा आहे अशी समजूत करून घेतो. यास्तव निवडीपूर्वी ही गृहीते कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

संगणकाकरवी ध्वनी निर्माण करण्याचा उद्योग तसा जुनाच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली त्यासाठी प्रणाली लिहिली. आज घरगुती वापरात दोन पद्धती आढळतात. पहिलीत ध्वनिग्राहकातून आलेल्या ध्वनीचे दर सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने घेऊन ते साठविले जातात. दुसरी ‘मिडी’ या १९८३ सालच्या संकेतावर आधारलेली असून तीत ध्वनी मुळी साठविलाच जात नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढ्याच सूचना नोंदल्या जातात. त्यांनुसार संगणकातील कृत्रिम वाद्य वाजते. गाणाऱ्यास पहिली पद्धती हवी, वाद्यमेळ एकट्याने रचणाऱ्यास दुसरी, आणि पुष्कळांना दोन्ही.

ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली मुख्यतः पहिल्या प्रकारची होय. रियाज नोंदणे, तंबोरा, तबला व गायन यांचे स्वतंत्र पट एकत्र करणे, नको तो भाग कापणे, यांसाठी ती पुरेशी आहे. कृत्रिम वाद्यांवर रचना करण्यासाठी ती घेऊ नये. ॲपल कंपनीची गॅरेजबँड ही २००४ साली आलेली प्रणाली दोन्ही कामे करते व विनामूल्य मिळते, परंतु ती त्याच कंपनीच्या यंत्रांवर चालते. बेल्जियममध्ये १९९७ साली ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने आलेल्या एफएल स्टुडिओचा पिंड ठेक्यांचे छोटे तुकडे रचून त्यांची आवर्तने करण्याचा आहे. रीपरचे बाह्य रूप रुक्ष खरे, पण तिला वळविता येईल तसे इतरांना क्वचितच वळविता येते.

आता स्वरांचा प्रश्न. मिडीवर चालणारी वाद्ये सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग धरतात. प्रत्येक अर्धस्वरास १०० सेंट मोजले, तर शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याशी मिळणारा नैसर्गिक गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. हा १४ सेंटांचा फरक तयार कानास स्पष्ट कळतो. पेटीवरील आक्षेप याच स्वरूपाचा होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीस नभोवाणीवरून वगळले, आणि ती बंदी १९७१ नंतर शिथिल होत गेली. पेटीचा वाद निदान सर्वांच्या कानांसमोर चालला. संगणकातील समान सप्तक मात्र निमूटपणे गृहीत धरले जाते. त्यातही स्वर आपोआप ‘सुधारणारी’ सोय गायनावर लावल्यास तिच्या नेहमीच्या मांडणीत नैसर्गिक गंधारही चुकीचा ठरून वर ओढला जातो, आणि आंदोलित स्वर सपाट होतात. रागसंगीताच्या अभ्यासकाने ही सोय बंदच ठेवावी.

मींडेची अडचण याहून कठीण. मिडीमध्ये स्वर वाकविण्याचा संकेत आहे, परंतु पुष्कळ वाद्यांत त्याचा आवाका मुळात दोन अर्धस्वरांपुरताच ठेवलेला असतो. षड्जापासून पंचमापर्यंत सात अर्धस्वर होतात. हा आवाका वाढविता येतो की नाही, हे आधी तपासावे.

लयीच्या बाबतीत प्रणाली समान चौकटींची जाळी आखते आणि मुळात चार मात्रांचा भाग धरते. रीपरमध्ये दहा मात्रांचा झपताल मांडता येतो, कोणत्या मात्रेवर ठोका जोराने पडावा हेही ठरविता येते. ही सोय क्षुल्लक नव्हे: यंत्राचा ठोका पहिल्या मात्रेवर सर्वांत जोरदार असतो, तर रूपकात समेवरच खाली असते. ख्यालात लय हळूहळू चढते, तेथे जाळी बंद करून तबलजीची साथच प्रथम मुद्रित करणे श्रेयस्कर.

विलंबाचा दोष बहुधा प्रणालीच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो मांडणीचा असतो. संगणक नमुने गटागटाने हाताळतो. १०२४ नमुन्यांचा गट असल्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, आणि ध्वनी आत येताना व बाहेर जाताना मिळून त्याच्या दुप्पट. मिनिटाला ४८० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा अवघी १२५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे कानांवरील श्रवणयंत्रात स्वतःचाच आवाज तिसऱ्या हिश्शाहून अधिक मागे पडतो. गट २५६ नमुन्यांचा केला की हा काल चतुर्थांशावर येतो. गट फार लहान केल्यास दुबळ्या संगणकावर आवाज तुटू लागतो.

राहता राहिला खर्च. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते व वैयक्तिक परवाना ६० डॉलरांचा आहे. एफएल स्टुडिओच्या चाचणी-आवृत्तीत काम साठविता येते, पण प्रणाली विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. महिनाभराची मेहनत अशी अडकून पडू शकते. प्रणाली कोणतीही असो, प्रत्येक पट साध्या वेव्ह स्वरूपात निराळा काढून ठेवावा, म्हणजे पुढे प्रणाली बदलली तरी मूळ गायन हाती राहते.