वाफेचे रोलर्स : केसांआधी पाण्याकडे बघा!

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुणे येते. पण बंगळूरलाही एक शिवाजीनगर आहे. इंग्रजांच्या छावणीच्या काळात ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती. इथे १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट आहे, सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा आहे, बसस्टँडवरची न संपणारी गर्दी आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर कमर्शियल स्ट्रीट. लग्नाचा बस्ता असो की ईदची खरेदी, शहरातल्या बायकांची पावले इकडे वळतातच. साडी झाली, बांगड्या झाल्या, ब्लाऊजपीस जुळले, की उरतो प्रश्न केसांचा.

लग्नाच्या दिवशी पार्लरवाली नवरीत अडकलेली असते. करवली, मावशी, आत्या रांगेत. अशा वेळी घरच्या घरी केसांना छान वळण देता आले तर कोणाला नको आहे? म्हणूनच वाफेच्या रोलर्सचे आकर्षण. पण पुष्कळ घरांत या यंत्राचे दिवस चार असतात. पहिल्या आठवड्यात कौतुक, महिन्याने “वाफच येत नाही” आणि मग माळ्यावरचा खोका. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. दोष असतो आपण त्यात ओततो त्या पाण्याचा.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. एक छोटे भांडे, त्यात थोडे पाणी, वर वाफ बाहेर पडण्याची नळी. या नळीवर फोमचा, म्हणजे स्पंजासारखा मऊ रोलर काही सेकंद बसवायचा. तो वाफ पिऊन गरम आणि दमट होतो. मग केसांची बट त्याच्यावर गुंडाळून टोपण लावायचे. केसांना थेट विजेचा चटका नाही, की तापलेल्या धातूचा स्पर्श नाही.

केस वळतो कसा? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना अनेक प्रकारच्या बंधांनी धरून असतात. त्यातले हायड्रोजन बंध नाजूक. ओल आणि उष्णता मिळाली की ते सुटतात आणि केस थंड होऊन सुकला की, तो ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातले शास्त्रज्ञ विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या मदतीने नेमके हेच तपासले होते. वाफेत ताणलेल्या केसाची आतली रचना बदलते, असे त्यांना दिसले. आपण रोलर लावतो तेव्हा त्याच गुणाचा उपयोग करून घेतो.

म्हणूनच सगळ्यात मोठी चूक कोणती, तर घाई! रोलर कोमट असतानाच सोडला तर बंध जुळायच्या आतच केस मोकळा होतो आणि दारापर्यंत जाईतो वळण गळते. रोलर पूर्ण गार होऊ द्या. पंधरा-वीस मिनिटे तरी. तेवढ्यात साडी नेसून होते. केस आदल्या दिवशी धुतलेले, बिनतेलाचे आणि अगदी कोरडे हवेत. लागणारी ओल वाफेतून मिळते. ओल्या केसांवर रोलर लावला तर ते तासभर सुकत नाहीत. बट बारीक घ्या. आपल्याकडचे केस पुष्कळदा जाड आणि लांब, त्यांच्याच वजनाने वळण उलगडते. कमरेपर्यंत केस असतील तर सगळ्या लांबीचा हट्ट सोडावा. खालच्या वीतभर भागाला आणि कपाळाजवळच्या बटांना वळण दिले तरी अंबाडा किंवा वेणी भरदार दिसते. आणि जुलैतल्या मुंबईत बंगळूरइतका टिकाऊपणा मागू नका. हवेतली ओल तेच नाजूक बंध पुन्हा सोडवते.

आता पाणी. बंगळूरच्या अनेक घरांत तीन तऱ्हेचे पाणी असते. एक कावेरीचे. १९७४ साली पहिला टप्पा सुरू झाल्यापासून ते सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी उचलून शहरात आणतात. दुसरे बोअरचे किंवा टँकरचे. तिसरे स्वयंपाकघरातल्या आर.ओ. मशीनचे. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात बोअर आटले, टँकरसाठी धावाधाव झाली, ते अनेकांच्या लक्षात असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरीही बोअरच्या पाण्यावर भिस्त असलेली घरे आहेतच. हे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरे डाग पडतात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

यंत्रात यातले कोणते ओतायचे? इथेच गंमत आहे. यंत्रे दोन जातींची असतात. एका जातीत भांड्याच्या तळाशी तापणारी तबकडी असते. तिला आर.ओ.चे किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी उत्तम, कारण त्यात क्षार नाहीत, थर बसत नाही. मीठ मात्र तिच्यात कधी घालू नये. दुसऱ्या जातीत आत दोन पट्ट्या किंवा कांड्या थोडे अंतर ठेवून उभ्या असतात आणि वीज चक्क पाण्यातूनच जाते. सर्दीत वाफारा घ्यायची प्लॅस्टिकची स्वस्त यंत्रे पुष्कळदा याच पद्धतीची असतात. अगदी शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. म्हणजे यंत्राची काळजी म्हणून तुम्ही आर.ओ.चे पाणी घातलेत, तर वाफ धरणारच नाही! यंत्र बिघडले म्हणून माळ्यावर टाकण्याआधी हे एकदा पाहा. माहितीपत्रकात तसे लिहिले असेल तर चिमूटभर मीठ घातले की काम होते. चिमूट म्हणजे चिमूट. चमचाभर घातले तर वीज जास्त खेचली जाते, पाणी उसळते, उकळते खारे थेंब बाहेर उडतात, फ्यूजही जाऊ शकतो. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होते, मीठ न घालताच. त्यावर उपाय सोपा : अर्धे बोअरचे, अर्धे आर.ओ.चे. कावेरीचे असेल तर मिसळामिसळ बहुधा लागत नाही.

या दुसऱ्या जातीच्या यंत्राबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. त्यातले पाणी चालू असताना जिवंत वायरीसारखेच असते. पाणी कमी झाले म्हणून वरून तांब्याने ओतायचे नाही, झाकण उघडायचे नाही. आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मग झाकण. यंत्र न्हाणीघरात नको, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नको, आणि वायर टेबलावरून लोंबत तर मुळीच नको. लहान मूल ओढते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो, कारण वाफेचे पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता कातडीत उतरते. भाजलेच तर ती जागा वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याच्या धारेखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजले असेल तर डॉक्टर.

बंगळूरच्या घरांत आणखी एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने यंत्र तिकडून आणलेले असते. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. दाब जवळजवळ दुप्पट, म्हणून उष्णता चौपटीजवळ! पिन बदलणारा साधा अडॅप्टर हा दाब कमी करत नाही, तो फक्त पिन बसवून देतो आणि यंत्र जळते. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बंगळूरच्या एस.पी. रोडसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळतो, पण यंत्राच्या वॅटपेक्षा मोठा घ्यावा लागतो, आणि ते धूड जड असते. मला विचाराल तर भावाला सांगावे, तेवढ्या वजनात बदाम आण.

निगा तशी फार नाही, पण नेमाने हवी. प्रत्येक वेळी काम झाल्यावर यंत्र गार करून उरलेले पाणी ओतून टाका. भांड्यात शिळे पाणी राहिले की थर बसलाच. पांढरा थर दिसू लागला की पिन काढून भांड्यात निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी घाला आणि अर्धा तास ठेवा. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून घ्या. थर बुडबुडत सुटतो. जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, सुरीने खरवडू नका. दोनदा स्वच्छ पाण्याने विसळा. संडास धुण्याचे ॲसिड यासाठी वापरणाऱ्या बायका आहेत. ते पट्ट्यांनाही खाते आणि पुढच्या वाफेबरोबर नाकातही जाते.

फोमचे रोलर महिन्यातून एकदा सौम्य शांपूच्या पाण्यात दाबून धुवावेत. पिळून नव्हे, दाबून. पिळले की फाटतात. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका. बंगळूरला जून ते ऑक्टोबर पाऊस रेंगाळतो, आणि ओल्या फोमला बुरशीचा वास दोन दिवसांत लागतो. डोक्यात उवा किंवा खवडे असलेल्या व्यक्तीचा रोलर दुसऱ्याला देऊ नये, मग ती सख्खी बहीण का असेना. दाबून सोडल्यावर फुगत नाही तो रोलर टाकून द्या. यंत्र शाबूत असेल तर नवे घेण्याआधी दुकानात नुसता रोलरचा संच मिळतो का ते विचारा. पण वायर पिनेजवळ चिरली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका. वायर बदलून घ्यायला कॉलनीतला इलेक्ट्रिशियन पुरतो.