निवडक रुग्णालये, मोजके प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन प्रबंधांच्या कपाटापुढे उभे राहा. रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत शीर्षके असतात आणि बहुतेकांचा साचा एकच असतो : अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिकवणीचा काय परिणाम होतो, याचा वर्धा जिल्ह्यातील निवडक रुग्णालयांत केलेला अभ्यास. ‘अमुक’ तेवढे बदलते. कधी जंतुसंसर्ग, कधी लकव्याच्या रुग्णाची शुश्रूषा, कधी क्ष-किरणांपासूनचे संरक्षण. आधी एक प्रश्नावली द्यायची, मग चार्ट आणि फ्लॅशकार्ड घेऊन तासभर शिकवायचे, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात. ‘टी’ चाचणी लावली की फरक लक्षणीय निघतो आणि शिकवणी परिणामकारक ठरते. आदल्या आठवड्यात सांगितलेलीच उत्तरे विचारल्यावर गुण वाढले नसते तर तो खरा शोध ठरला असता!

या ‘निवडक रुग्णालयां’त आमचे तळेगाव सहसा येत नाही. तळेगाव म्हणजे श्यामजी पंत, आष्टी तालुक्यातले. जिल्ह्याबाहेरच्या माणसाला तळेगाव म्हटले की दाभाडे नाहीतर दशासर आठवते. नागपूर-अमरावती महामार्गावरचे, आर्वीकडे फाटा फुटतो ते हे गाव. संत्र्याचे ट्रक, एसटी आणि रात्रीचे अपघात हे त्याचे रोजचे जगणे. हात मोडला, छातीत कळ आली, बाई अडली, तर आधी आष्टी, आर्वी नाहीतर कारंजा (घाडगे). तिथून पुढची चिठ्ठी मिळाली की नागपूर, अमरावती किंवा वर्धा. वर्धा म्हणजे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय नाहीतर सावंगी (मेघे) इथले रुग्णालय. संशोधनाच्या कागदांत तळेगाव सापडते ते रुग्णाच्या पत्त्यात. तरी सेवाग्राम-सावंगीच्या वॉर्डांत विद्यार्थ्यांनी काय शोधले याचा मागोवा या टोकाकडून घेतला, तर काही गोष्टी वर्ध्यापेक्षा स्पष्ट दिसतात.

सुरुवात डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांपासून करावी लागते, कारण पैसा आणि मान दोन्ही तिकडे आधी गेले. कस्तुरबा रुग्णालय १९४५चे, आणि डॉ. सुशीला नायर यांनी त्याच्या आधारावर वैद्यकीय महाविद्यालय उभे केले ते १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. दहा वर्षांनी, १९७९ साली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन शिष्यवृत्ती सुरू केली. दोन महिने, एक मार्गदर्शक, एक छोटा प्रश्न, शेवटी अहवाल. सेवाग्रामच्या मुलांनी ही योजना चांगली उचलली. पहिल्या वर्षापासून गाव दत्तक घेऊन तिथे शिबिरात राहिलेल्या मुलाला प्रश्न शोधायला फार लांब जावे लागत नाही. पण ही योजना एमबीबीएस आणि दंतवैद्यकाच्या मुलांसाठी होती. त्याच वॉर्डात, त्याच रुग्णाच्या उशाशी, त्याच वयाची नर्सिंगची मुलगी उभी असे. तिच्यासाठी असे दोन महिने कुणी राखून ठेवले नाहीत.

सेवाग्रामच्या मेडिसिन विभागातून या शतकाच्या पहिल्या दशकात जे काम बाहेर पडले ते मला आजही वाचनीय वाटते. त्यातला प्रश्न सरळ गावाकडचा होता : मशीन नसेल तर हात-डोळे-कान कितपत पुरतात? २००३ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये आलेला लकव्याचा अभ्यास घ्या. मेंदूत रक्तस्राव झाला की रक्ताची गुठळी अडकली, हे शुद्ध, उलटी, डोकेदुखी, रक्तदाब अशा खुणांना गुण देऊन ठरवायच्या दोन पद्धती प्रसिद्ध होत्या : थायलंडची सिरिराज आणि लंडनच्या गायज हॉस्पिटलची. सिटीस्कॅन परवडत नाही तिथे या वापराव्यात, असे पुस्तके सांगत. सेवाग्रामला रुग्णांवर त्या लावून पाहिल्या, सिटीस्कॅनशी ताडून पाहिल्या आणि निष्कर्ष आला की भरवसा ठेवण्याइतक्या त्या अचूक नाहीत. एका प्रकारात रक्त पातळ करणारे औषध द्यायचे, दुसऱ्यात तेच औषध जीव घेऊ शकते. म्हणजे तळेगावच्या माणसाला स्कॅनपर्यंत नेण्यावाचून इलाज नाही. गरिबाच्या बाजूने केलेल्या अभ्यासाचे उत्तर महागडे निघाले, आणि अभ्यासकांनी ते तसेच छापले.

२००७चा अभ्यास याच्या उलट दिशेने जातो. छातीत पाणी झाले आहे का, हे २७८ रुग्णांत आधी हाताने तपासले आणि मग छातीच्या एक्सरेशी ताडले. बोटांनी ठोकल्यावर येणारा बद्द आवाज आणि श्वासागणिक छातीच्या दोन बाजूंचे कमी-जास्त हलणे, या खुणा खऱ्याच कामाच्या निघाल्या. इथे हात जिंकले.

या दोन्ही अभ्यासांत नर्स कुठे आहे? कुठेच नाही. ती आहे तिसऱ्यात, आणि तिथे तिचा दंड पुढे केलेला आहे. जानेवारी ते मे २००४ या काळात सेवाग्रामच्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांना क्षयाच्या सुप्त संसर्गासाठी तपासले गेले. हातावर टोचण्याची जुनी चाचणी आणि रक्ताची नवी, दोन्ही. डॉ. मधुकर पै, डॉ. रजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००५ साली अमेरिकेच्या ‘जामा’त आला. तपासलेल्यांचे मध्यम वय होते २२. बावीस! म्हणजे ‘आरोग्य कर्मचारी’ या जाड शब्दाखाली बरीचशी वसतिगृहातली पोरेच होती. त्यांतल्या निम्म्यांत, ३६० जणांत, दोहोंपैकी एका तरी चाचणीत संसर्ग दिसला. पुढे वैद्यकीय आणि नर्सिंगच्या २१६ विद्यार्थ्यांची सुमारे दीड वर्षाने पुन्हा चाचणी झाली आणि नव्याने लागण होणारे किती, हे मोजले गेले. जगभरच्या क्षयतज्ज्ञांनी हे आकडे वापरले. बिनखिडकीच्या खोलीत खोकणाऱ्या रुग्णाला एक्सरेसाठी धरून उभी राहणारी मुलगी कशाला सामोरी जाते, याचा या जिल्ह्यातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. तिच्याविषयीचे सर्वांत मोलाचे संशोधन झाले तेव्हा ती त्याचा नमुना होती.

मग तिने स्वतः संशोधन केले तेव्हा काय केले? देशात नर्सिंगचे पदवी शिक्षण १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४चे. पुढे नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले (१९९८), विदर्भात कॉलेजे वाढली, आणि ‘नर्सिंग रिसर्च’ हा विषय आणि शेवटच्या वर्षाचा गटप्रकल्प सगळ्यांच्या वाट्याला आला. वेळ थोडा, पोस्टिंग चालूच, मार्गदर्शक एक आणि मुली डझनभर. अशात कागदावरची प्रश्नावली ही एकच गोष्ट वेळेत पुरी होते. म्हणून वर्षानुवर्षे मोजले गेले ते ज्ञान. नर्सला काय माहीत आहे, आईला काय माहीत आहे, आशाताईला काय माहीत आहे. प्रत्यक्षात कोण काय करते, हे मोजायचे तर उभे राहून पाहावे लागते. वॉर्ड इन्चार्ज सिस्टरला ते आवडत नाही आणि मेट्रनला त्याहून नाही. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात एकदाही न येता तिने लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या होत्या, त्यांवर आधारलेला अहवाल १८६३चा. तिचे प्रश्न पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, खाटांमध्ये अंतर किती, असे असत. शपथ तिच्या नावाची घ्यायची आणि प्रश्नावली मात्र तिच्यासारखी करायची नाही, हे मला पटत नाही.

क्ष-किरणांच्या बाबतीत ही उणीव फार जाणवते. आयसीयूत पोर्टेबल मशीन चाकांवर गडगडत येते. टेक्निशियनने ‘एक्सरे!’ अशी हाक दिली की कॉटभोवतीची माणसे दाराकडे पळतात. त्याआधीच्या दोन मिनिटांत सिस्टरने रुग्णाला खांद्याखाली धरून उचललेले असते, पाठीखाली कॅसेट सरकवलेली असते, छातीवरच्या ईसीजीच्या तारा बाजूला केलेल्या असतात, मंगळसूत्र मानेमागे वळवलेले असते आणि व्हेंटिलेटरची नळी ओढली जाणार नाही अशी दुसऱ्या हाताने पकडलेली असते. रुग्ण जरा कलंडला की छाती तिरकी येते, हृदय मोठे दिसते, फुप्फुसाचा खालचा भाग झाकला जातो. फोटो बिघडला तर टेक्निशियनच्या नावावर जातो. नीट आला तर कुणाच्याच नाही. राइल्स ट्यूब पोटात आहे की श्वासनलिकेत, हे याच फोटोवर ठरते आणि त्यावर दूध सोडायचे की नाही हे ठरते. हे सगळे नर्सिंग आहे. वर्ध्यातल्या किंवा कुठल्याही जिल्ह्यातल्या वॉर्डात एक मुलगी महिनाभर वही घेऊन बसली आणि दुसऱ्यांदा काढावे लागलेले फोटो व त्यांची कारणे लिहीत गेली, तर ती शंभर प्रश्नावल्यांहून जास्त सांगेल.

आणि ती पळापळ? विखुरलेले किरण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. दोन मीटर मागे सरकले, शिशाचा एप्रन घातला, तर मोबाइल एक्सरेत नर्सला मिळणारी मात्रा नगण्य असते. मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला रेडिऑलॉजीच्या माणसांच्या खिशाला असतो. वॉर्डातल्या सिस्टरला तो सहसा नसतो आणि कुणी तिला आकडाही सांगत नाही, म्हणून ती पळते. धोका वाटतो तिथे कमी आणि वाटत नाही तिथे जास्त, असा हा प्रकार. जानेवारी २०१८मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक चुंबकाच्या ओढीने मशीनला खेचला गेला आणि दगावला. तेव्हा सगळ्यांनी चुंबकाची चर्चा केली. सिलिंडर नातेवाइकाच्या हातात का होता, रुग्णाला तपासणीला नेताना सोबत कोण असते, ही नर्सिंगची बाजू मागे पडली. आमच्याकडे जोडवी, नथ आणि पदराला खोचलेली सेफ्टी पिन काढून घेणे हे एमआरआयच्या तयारीचे निम्मे काम आहे, आणि जोडवी काढायला बाई तयार होत नाही तेव्हा तिची समजूत घालणे उरलेले निम्मे.

सोनोग्राफीची कथा निराळी. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४चा. तो हवाच होता. पण त्यामुळे मशीन कुलूपबंद खोलीत गेले, डॉक्टरखेरीज कुणाचा हात लागणे बंद झाले. परदेशात नर्स मूत्राशय किती भरले हे छोट्या यंत्राने पाहते, शीर सापडत नसेल तर पडद्यावर शोधते. इथल्या विद्यार्थिनीच्या वाट्याला सोनोग्राफी बहुतेक येते ती गर्भवतीच्या तपासणीसाठी या कायद्याने भरायला लावलेल्या ‘एफ’ फॉर्मच्या रूपात. त्यातली चूकही किरकोळ मानायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. त्यामुळे गर्भवतीला धीर द्यायचा वेळ रकाने भरण्यात जातो.

मग कोविड आला आणि इमेजिंग घराघरात शिरले. २०२०च्या सप्टेंबरात राज्य सरकारने एचआरसीटीचे दर बांधून दिले, मशीनच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये. चौकात, पानठेल्यावर लोक एकमेकांना विचारत, ‘स्कोअर किती आला?’ पंचवीसपैकी. सौम्य आजाराला स्कॅन करू नका, असे एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ३ मे २०२१ रोजी सांगितले. त्याच दिवशी केंद्राने बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या नर्सेसना पूर्णवेळ कोविड ड्युटीत घेण्याचा निर्णय जाहीर केला. कालपर्यंत शिकत असलेल्या मुली पीपीई घालून उभ्या राहिल्या. त्या काळात त्यांनी जे पाहिले — पालथे झोपवल्याने कुणाचा ऑक्सिजन वाढला, स्कॅनला नेताना-आणताना कुणाचा घसरला — ते बहुतेक कुठेच लिहिले गेले नाही. नंतर प्रबंध आले ते कोविडविषयीच्या ज्ञानाचे.

२०२१ साली बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सत्रांचा झाला. संशोधन त्यात आहेच. सांगायचे झाले तर मी एकच विषय सुचवीन आणि तो २००३च्या लकव्याच्या अभ्यासाला जोडून येतो. स्कॅनशिवाय इलाज नाही, हे तेव्हाच ठरले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे तर लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. तळेगावचा माणूस त्या साडेचार तासांत टेबलावर पोहोचतो का? १०८च्या गाडीच्या कागदावर रुग्ण उचलल्याची वेळ असते, आष्टी-आर्वीच्या रेफर चिठ्ठीवर निघाल्याची, कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये पोहोचल्याची, आणि सिटीस्कॅनच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तर तास-मिनिटे-सेकंदांसह छापलेली. फक्त लक्षणे कधी सुरू झाली, हे नातेवाइकांना विचारावे लागेल. म्हातारा बैलांना पाणी पाजून आला तेव्हा बरा होता की त्याआधीच तोंड वाकडे झाले होते, हे डॉक्टरला घाईत मिळत नाही. कॉटशेजारी बसलेल्या विद्यार्थिनीला मिळते.